पुढच्या मंगळवारी : न आलेल्या एका लॅपटॉपचा इतिहास



मागच्या खेपेला व्याख्यान संपलं आणि एका तरुण श्रोत्याने जिन्यातच आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, लॅपटॉप घ्यायचाय. आत्ता घेऊ की नवं मॉडेल येईपर्यंत थांबू? कधी येईल असं वाटतं तुम्हाला?" आता, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. हा प्रश्न खरं म्हणजे दुकानदाराला विचारायचा. आम्ही हसून वेळ मारून नेली. पण घरी जाताना रिक्षात लक्षात आलं की हा प्रश्न आमचाच आहे. जे अजून घडलेलं नाही त्याविषयी आज हाताशी असलेल्या खुणांवरून काय म्हणता येतं, किती खात्रीने म्हणता येतं, हा अनुमानाचा प्रश्न झाला. आणि या विशिष्ट प्रश्नाशी आमचं एक जुनं देणंघेणंही आहे. ते शेवटी सांगू.

म्हणून आजचा विषय असा : ज्याची जगभरातल्या हजारो लोकांनी जवळपास दोन वर्षं वाट पाहिली, ज्याच्या तारखा पुन्हा पुन्हा वर्तवल्या गेल्या, आणि जो कधी आलाच नाही, अशा एका लॅपटॉपचा इतिहास. त्याचं नाव पॉवरबुक जी-५.

आधी थोडी पार्श्वभूमी. लॅपटॉपची वाट पाहणं हे लॅपटॉपपेक्षाही जुनं आहे. १९७२ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के यांनी 'डायनाबुक' नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. वहीएवढा संगणक, मुलांनी काखेत मारून न्यावा असा. तो त्या वेळी बनवणं शक्यच नव्हतं. पुढे १९८२ मध्ये ग्रिड कंपास आला, शिंपल्यासारखा मिटणारा. त्याची किंमत आठ हजार डॉलरच्या वर होती. अ‍ॅपलचा मॅकिंटॉश पोर्टेबल १९८९ चा, वजन सात किलोच्या आसपास. मांडीवर ठेवला तर मांडीला कळावं असा! १९९१ च्या ऑक्टोबरात त्यांचा पहिला पॉवरबुक आला आणि मग ही मालिका सुरू झाली.

आता सरळ २३ जून २००३ या दिवशी येऊ. सॅन फ्रान्सिस्कोला अ‍ॅपलच्या वार्षिक परिषदेत स्टीव्ह जॉब्स यांनी पॉवर मॅक जी-५ हा मेजावरचा संगणक जाहीर केला. आत आयबीएमने बनवलेली पॉवरपीसी ९७० ही चिप, वेग दोन गिगाहर्ट्झपर्यंत. आणि त्याच व्यासपीठावरून जॉब्स यांनी वचन दिलं की बारा महिन्यांत हा वेग तीन गिगाहर्ट्झवर जाईल. सभागृहात टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्या विरायच्या आतच लॅपटॉप वापरणाऱ्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला : मग आमच्या पॉवरबुकमध्ये हा जी-५ कधी येणार?

प्रश्न नीट ऐका हं. 'येणार का?' असा नाही. 'कधी येणार?' असा. या एका शब्दाकडे आपल्याला परत यायचं आहे.

लोक तर्क कसा करत होते ते बघण्यासारखं आहे. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितलेत : पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. ढग दाटून आले, म्हणजे पाऊस पडेल. हे कारणावरून कार्याचं अनुमान, पूर्ववत्. नदीला गढूळ पूर आला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस पडून गेलाय. हे कार्यावरून कारणाचं, शेषवत्. आणि तिसरं, नेहमी जे एकत्र दिसतं त्यावरून केलेलं. सूर्य सकाळी इकडे दिसतो, संध्याकाळी तिकडे, अर्थात तो सरकला. कारण इतर वस्तू सरकल्याशिवाय जागा बदलताना आपण पाहिलेल्या नाहीत.

गंमत अशी की पॉवरबुकची वाट पाहणाऱ्यांनी हे तिन्ही प्रकार वापरले. गौतमांचं नावही न ऐकता.

पूर्ववत् असं : चिप तयार आहे, आयबीएम तिची नवी बारीक आवृत्ती करते आहे, तेव्हा ढग दाटलेत, पाऊस येणार. शेषवत् असं : दुकानांत जुन्या पॉवरबुकचा साठा आटला, मागवल्यावर पोचायला लागणारे दिवस वाढले, म्हणजे कारखान्यात नव्याची तयारी चालू असणार. आणि सामान्यतोदृष्ट म्हणजे तारखांचा हिशेब. मॅकरूमर्ससारख्या संकेतस्थळाने तर खरेदी करणाऱ्यांसाठी एक तक्ताच ठेवला होता : शेवटचं मॉडेल येऊन किती दिवस झाले, आजवरचं सरासरी अंतर किती, आणि त्यावरून आता घ्यावं की थांबावं. आपल्याकडच्या पंचांगासारखंच ते. मुहूर्त बघूनच खरेदी!

आता पहिलं अनुमान तपासू. त्यात बळ होतं, हे मान्य केलं पाहिजे. मागचा दाखला काय सांगत होता? जी-३ ही चिप १० नोव्हेंबर १९९७ ला मेजावरच्या आणि मांडीवरच्या संगणकात एकाच दिवशी जाहीर झाली. जी-४ मेजावर आली ऑगस्ट १९९९ च्या अखेरीस आणि पॉवरबुकमध्ये जानेवारी २००१ मध्ये. म्हणजे सोळा-एक महिन्यांनी. तेव्हा जी-५ जून २००३ ला मेजावर आली तर २००४ च्या दिवाळीपर्यंत मांडीवर यायला हवी. व्याप्ती अशी मांडली गेली : जी चिप मेजावर येते ती पुढे मांडीवर येते. यथा जी-३, यथा जी-४. उदाहरणासकट अनुमान तयार.

इथे चूक कुठे झाली? न्यायशास्त्रात यासाठी एक फार सुंदर संकल्पना आहे, उपाधी. तर्कसंग्रह वाचलेल्यांना आठवेल. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलटं, जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. कारण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं जळण लागतं. ही ओल्या जळणाची अट आपण बोलून दाखवलेली नसते. ती म्हणजे उपाधी. आमचे एक गुरुजी होते, त्यांच्याबद्दल पुढे सांगणारच आहोत, ते विद्यार्थ्यांना सांगायचे, "उपाधी म्हणजे न बोललेली अट. जी मोडेपर्यंत दिसत नाही."

आपल्या व्याप्तीत न बोललेली अट होती चिप थंड असण्याची. जी-३ अंगाने थंड होती, जी-४ तिच्यापेक्षा तापायची पण आवरता येत होती. जी-५ हा आपला तापलेला लोखंडाचा गोळा. पॉवर मॅक जी-५ च्या पेटीत तिला थंड ठेवायला नऊ पंखे होते, नऊ! २००४ मध्ये सगळ्यात वेगवान मॉडेलला तर पातळ द्रव फिरवून थंड करायची सोय करावी लागली, तरी वेग अडीच गिगाहर्ट्झवरच अडला. तीनचं वचन राहूनच गेलं. आणि ही चिप बसवायची कुठे, तर जेमतेम इंचभर जाडीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या वहीत. ऑगस्ट २००४ मध्ये आयमॅकमध्ये ती बसली तेव्हा लोकांच्या आशा पुन्हा पालवल्या. आयमॅकही सडपातळच की! पण आयमॅक भिंतीतल्या विजेवर चालतो, आणि तो कोणी मांडीवर घेत नाही. जानेवारी २००५ मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांपुढे जवळपास स्पष्टच सांगितलं की पॉवरबुकमध्ये जी-५ बसवणं हे उष्णतेचं सगळ्यात मोठं आव्हान आहे. सांगणाऱ्याने सांगितलं. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ 'थोडा उशीर होईल' असा घेतला.

आता तारखांचं अनुमान. अ‍ॅपल नवी यंत्रं मंगळवारी आणते असा एक समज पसरला होता. त्यावरून इंग्रजी जाणणाऱ्या मॅकप्रेमींत एक विनोदच रूढ झाला : पॉवरबुक जी-५ पुढच्या मंगळवारी. मंगळवार जायचा, विनोद तसाच राहायचा. आपल्याकडे किराणा दुकानात पाटी असायची ना, 'आज रोख, उद्या उधार', अगदी तसं. पाटीवरचा 'उद्या' कधी उजाडत नाही.

आम्ही सवड काढून त्या काळच्या पॉवरबुकच्या खऱ्या तारखा मांडून पाहिल्या. ७ जानेवारी २००३, मंगळवार. १६ सप्टेंबर २००३, मंगळवार. इथवर नियम छान बसतो. पुढे १९ एप्रिल २००४, सोमवार. ३१ जानेवारी २००५, सोमवार. १९ ऑक्टोबर २००५, बुधवार. पाचातून तीन वेळा हुकला! न्यायाच्या भाषेत हा सव्यभिचार हेतू. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की लोक कावळ्याचं वजन मोजत बसतात.

पण थांबा. तारखांच्या हिशेबाला इतक्या स्वस्तात मोडीत काढता येत नाही. पहिल्या चार तारखांमधली अंतरं काढा : २५२ दिवस, २१६ दिवस, २८७ दिवस. सरासरी जवळपास २५२. आता ३१ जानेवारी २००५ मध्ये २५२ दिवस मिळवा. १० ऑक्टोबर २००५ येते. प्रत्यक्षात नवा पॉवरबुक आला १९ ऑक्टोबरला. नऊ दिवसांचा फरक! हवामान खात्यालाही हेवा वाटावा.

फक्त आत जी-४ होती.

यातून आपण काय शिकायचं? सरासरी 'कधी'चं उत्तर देऊ शकते, 'काय'चं नाही. आणि तिचा पुढचा खेळ पाहा. १९ ऑक्टोबरमध्ये पुन्हा २५०-एक दिवस मिळवले तर पुढचं मॉडेल २००६ च्या जून-जुलैत यायला हवं. ते आलं ८३ दिवसांत, १० जानेवारी २००६ ला. कारण दरम्यान खालची जमीनच सरकली होती.

ती सरकली ६ जून २००५ ला. त्याच परिषदेत, दोन वर्षांनी, जॉब्स यांनी जाहीर केलं की अ‍ॅपल पॉवरपीसी सोडून इंटेलच्या चिप वापरणार. तीन गिगाहर्ट्झचं वचन पाळता आलं नाही आणि लोकांना हवा असलेला जी-५ पॉवरबुकही देता आला नाही, हे त्यांनी व्यासपीठावरून कबूल केलं. म्हणजे त्या दिवशी 'कधी?' या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. प्रश्नच नाहीसा झाला.

हेत्वाभासांत आश्रयासिद्ध नावाचा एक प्रकार आहे. त्याचं ठरलेलं उदाहरण : गगनारविंद, म्हणजे आकाशातलं कमळ, सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, तळ्यातल्या कमळासारखं. विधानाच्या मांडणीत खोट नाही. पण ज्याच्याविषयी बोलतोय ते आकाशातलं कमळच नाही. दोन वर्षं लोक त्या कमळाचा वास कुठल्या मंगळवारी येईल यावर वाद घालत होते. आपल्याकडे म्हण आहेच, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. इथे तर बाजारात तुरी यायच्याच नव्हत्या. आणखी एक कडवट गंमत : जुलै २००५ मध्ये, अ‍ॅपलने निरोप दिल्यावर महिन्याभरात, आयबीएमने याच चिपची कमी वीज खाणारी आवृत्ती जाहीर केली. वरातीमागून घोडे.

मग खरी खूण कुठे नव्हतीच का? होती ना. अ‍ॅपलची संगणकप्रणाली इंटेलच्या यंत्रांवरही गुपचूप चालवून ठेवली जाते, 'मार्कलार' असं त्या प्रकल्पाचं नाव आहे, ही बातमी २००२ मध्येच छापून आली होती. आणि ती खरी ठरली. पाच वर्षं हे चालू होतं असं जॉब्स यांनीच २००५ मध्ये सांगितलं. पण त्या बातमीचं कोणाला काय! ज्याची वाट पाहतोय त्याच्या बाजूची खूण आपल्याला लगेच दिसते. विरुद्ध बाजूची खूण समोर पडलेली असली तरी ती खूण आहे हेच कळत नाही.

आणि अधिकृतपणे सांगितलेल्या तारखेचंही ऐका. जॉब्स म्हणाले होते, इंटेलची पहिली यंत्रं पुढच्या जूनपर्यंत येतील. ती पाच महिने आधी आली. मॅकबुक प्रो जाहीर झाला त्या १० जानेवारीचा वार कोणता होता? मंगळवार! म्हणजे 'पुढच्या मंगळवारी' म्हणणारे शेवटी बरोबर ठरले. वार बरोबर, यंत्र वेगळं.

आता याची दुसरी बाजू. कंपन्या सरळ तारीख का सांगत नाहीत? याचं उत्तर शोधताना एका अशा माणसाची गाठ पडते, ज्याचं आपल्या देशाशी नातं आहे. अ‍ॅडम ऑस्बोर्न. वडील आर्थर ऑस्बोर्न रमण महर्षींचे अनुयायी. त्यामुळे अ‍ॅडमचं बालपण तिरुवन्नामलैला, तमिळनाडूत गेलं. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने १९८१ मध्ये ऑस्बोर्न-१ हा उचलून नेता येणारा संगणक आणला. वजन ११ किलो, पडदा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर. तडाखेबंद खपला. मग १९८३ मध्ये त्याच्या पुढच्या यंत्रांची चर्चा ती यंत्रं दुकानात पोचायच्या आधीच झाली. विक्रेते म्हणाले, मग जुनं कशाला घ्या? मागणी गळाली, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कायप्रोसारखा नऊ इंची पडद्याचा प्रतिस्पर्धी, आयबीएमच्या धाटणीची यंत्रं, पैशाची ओढाताण ही कारणंही होतीच, हे विसरायचं नाही. पण धंद्याच्या भाषेत 'ऑस्बोर्न परिणाम' हा शब्द राहिला. ऑस्बोर्न पुढे भारतात परतले आणि मार्च २००३ मध्ये कोडाईकनालला वारले.

पाऊस पडेल असं आपण म्हटल्याने ढगाला काही फरक पडत नाही. माणसांच्या व्यवहारात पडतो. भाकीत स्वतःच घटनेत हात घालतं. कार्ल पॉपर यांनी याला 'ईडिपस परिणाम' म्हटलं. म्हणून कंपन्या तोंड मिटून बसतात, आणि तोंड मिटल्यामुळेच तर्कांना ऊत येतो. जानेवारी २००५ मध्ये अ‍ॅपलने थिंक सीक्रेट या संकेतस्थळावर खटला भरला. ते चालवत होता हार्वर्डमध्ये शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. २००७ च्या अखेरीस तडजोड झाली. त्याने आपल्या खबऱ्यांची नावं दिली नाहीत, पण संकेतस्थळ बंद केलं. न आलेल्या यंत्राच्या बातमीची किंमत किती होती, हे यावरून कळावं.

आता आमचं देणंघेणं.

२००३ च्या उन्हाळ्यात वाईचे एक वृद्ध शास्त्रीबुवा तर्कसंग्रहावरचं स्वतःचं विवरण आम्हाला सांगायला तयार झाले. हेच ते गुरुजी. त्यांनी ते पन्नास वर्षं तोंडी शिकवलं होतं, कागदावर एक ओळ नव्हती. आमच्या घरचा संगणक मेजावरचा. तो काही वाईला नेता येईना. तेव्हा लॅपटॉप घ्यायचा, सुटीत तिकडे जाऊन राहायचं, ते सांगतील तसं टंकून घ्यायचं, असा बेत ठरला. मुलगा तेव्हा कॅलिफोर्नियात शिकत होता. दर रविवारी त्याचा फोन. "बाबा, आत्ता घेऊ नका. जी-५ येतोय. दोन महिने थांबा." त्याच्या बोलण्यात कळकळ होती, आणि आम्हालाही पैसे एकदाच खर्चायचे होते. आम्ही थांबलो. २००३ ची दिवाळी गेली, मे गेला, पुढची दिवाळी गेली, पुढचा मे गेला. मध्ये दोन-तीनदा सहज भेटायला गेलो तेव्हा ते बोलत होते आणि आम्ही एका वहीत थोडंफार टिपलं. २००५ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. पुढे ते वर्षभर होते. ओळखायचे, हात हातात घ्यायचे. बोलता येत नव्हतं.

त्या वहीची अकरा पानं भरली आहेत. 'उपाधी म्हणजे न बोललेली अट' हे त्यांतलंच, सातव्या पानावरचं.

यात दोष कंपनीचा नाही. तिने त्या यंत्राची तारीख दिलीच नव्हती. मुलाचाही नाही. आम्ही, ज्यांनी वर्गात उपाधी शिकवली, तेच अनुमान करत होतो : या सुटीत नाही तर पुढच्या सुटीत. आणि त्यातली न बोललेली अट अशी होती की शास्त्रीबुवा तोवर बोलत असतील. आम्ही यंत्राच्या तारखेचा हिशेब करत राहिलो, त्यांच्या वयाचा केला नाही. वही आणि पेन तर पहिल्या दिवसापासून खिशात होतं.

तेव्हा त्या तरुण श्रोत्याला, आज तो समोर बसलाय, आमचं उत्तर असं : नवं मॉडेल कधी येईल हे आम्ही सांगणार नाही. तक्ता पाहा, सरासरी काढा, त्यात काही पाप नाही. पण आधी स्वतःला विचारा, यंत्र कोणत्या कामासाठी हवंय? आणि ते काम थांबू शकतं का? थांबू शकत असेल तर खुशाल थांबा, दोन पैसे वाचतील. थांबू शकत नसेल तर आज दुकानात जे आहे ते घ्या. तेही परवडत नसेल तर वही घ्या. तुमच्या कामात एखादं म्हातारं माणूस असेल, तर आजच जा.

आम्ही शेवटी २००६ मध्ये लॅपटॉप घेतला. त्यावर पहिली गोष्ट टंकली ती ती अकरा पानं. दोन दिवसांत संपली.

थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.